आकाशातून सरकणारे ठिपके, उडणारी रॉकेटं : निरीक्षण आणि नोंदींचा धागा

ध्रुवमत्स्य, पुणे :

मंडळी, दिवाळी सरली, पाऊस एकदाचा गेला, आकाश निवळलं. आता फेब्रुवारीअखेरपर्यंत आपले दिवस. ग्रहणं, धूमकेतू, उल्कावर्षाव यांचे धागे इथे आधीपासून आहेत. माणसानं वर सोडलेल्या वस्तू बघणाऱ्यांसाठी मात्र वेगळी जागा नव्हती, म्हणून हा धागा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक, चिनी स्थानक, स्टारलिंकच्या इंटरनेट उपग्रहांच्या माळा, रॉकेटचे जुने टप्पे, श्रीहरिकोट्याची उड्डाणं, परत येताना जळणारा कचरा, सगळं इथे चालेल.

एक विनंती मात्र आग्रहानं करतो. काही दिसलं तर नुसता व्हिडिओ टाकून थांबू नका. चार गोष्टी लिहा: कुठून पाहिलं, किती वाजता, कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेला गेलं आणि क्षितिजापासून किती उंचावर होतं.

हे का म्हणतो, तर २ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ, उत्तर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातून लोकांनी आकाशात जळत जाणारे तुकडे पाहिले. फोनवर ढिगानं व्हिडिओ फिरले. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान पडलं म्हणालं. न्यूझीलंडहून त्याच दिवशी एक इलेक्ट्रॉन रॉकेट उडालं होतं, तर काहींनी ते त्याच्या माथी मारलं. शेवटी जुळलं ते वेगळंच: फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचा टप्पा, जो वर्षभर कक्षेत फिरत खाली उतरत होता. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला जवळपास तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. परिसरात एक गोळाही सापडला.

त्या रात्रीचे व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले. बहुतेकांत वेळ नाही, गाव नाही, मागे झाड नाही की घर नाही. काळ्या पडद्यावर पिवळे ठिपके. एवढ्या लोकांनी पाहिलं आणि मार्ग आखायला हाताशी आलं ते थोडं. वेळ आणि जागा पक्की असती, तर कोणता टप्पा हे आपल्याच लोकांना त्याच रात्री ताडून पाहता आलं असतं.

मोजायला उपकरण लागत नाही. हात ताठ पुढे धरून मूठ वळली की तिची रुंदी सुमारे १० अंश भरते. बोटं फाकून वीत केली की सुमारे २० अंश. लहान मुलाची मूठ लहान, पण हातही आखूड, त्यामुळे त्याचंही माप जवळपास तेवढंच येतं. फोनचं घड्याळ नेटवर्कवरून जुळतं, तेव्हा वेळ सेकंदासकट लिहा. एखादा ओळखीचा तारा जवळ असेल तर त्याचं नाव लिहा, त्याच्याइतकी चांगली खूण दुसरी नाही.

वाईकर :

धागा फार गरजेचा होता. मी अगदी नवीन आहे. मागच्या आठवड्यात स्थानक पाहिलं, अॅपमध्ये वेळ दिली होती तसंच आलं. वायव्येकडून वर आलं, गुरूपेक्षाही तेजस्वी, अजिबात न लुकलुकता. पण डोक्यावरून थोडं पुढे गेलं आणि तिथेच विझलं. ढग नव्हता. असं का होतं? आणि रोज का दिसत नाही?

मृगशीर्ष, नाशिक :

वाईकर, ते पृथ्वीच्या सावलीत शिरलं.

स्थानकाला स्वतःचा उजेड नाही, ते सूर्यप्रकाशात चमकतं. सह्याद्रीत दिवस मावळला की खाली वाडीत दिवे लागतात आणि कळसूबाईच्या माथ्यावर ऊन रेंगाळत असतं, तसं हे. फक्त इथे डोंगर ४२० किलोमीटर उंच आहे. गणित केलं तर एवढ्या उंचीवर अगदी डोक्यावर असलेल्या वस्तूवर सूर्य क्षितिजाखाली सुमारे २० अंश जाईपर्यंत ऊन पडतं. आपल्या अक्षांशावर सूर्य तासाला साधारण १४ अंश खाली जातो. म्हणजे सूर्यास्तानंतर तास-दीड तास झाला की डोक्यावरचं स्थानक विझलेलं असणार. आधी अर्धा तास संधिप्रकाशात जातो. उरतो तो जेमतेम तासाभराचा पट्टा, आणि असाच एक पहाटे. जून महिन्यात इंग्लंड-जर्मनीतले लोक रात्रभर स्थानक बघतात, कारण तिथे तेव्हा सूर्य फार खाली जातच नाही. आपल्याला ती चैन नाही.

विझण्याची जागा नीट टिपून ठेवा. संध्याकाळी जितक्या उशिरा फेरी, तितकं ते पश्चिमेकडेच विझतं. पहाटे उलटं: आकाशाच्या मध्यावर अचानक प्रकटतं आणि पूर्वेकडे उजेडात जातं.

रोज का नाही, याचं कारण कक्षा. स्थानकाच्या कक्षेचा विषुववृत्ताशी कल ५१.६ अंश आहे आणि पृथ्वी पूर्ण गोल नसून विषुववृत्तापाशी फुगीर असल्यामुळे ते कक्षेचं प्रतल हळूहळू पश्चिमेकडे वळत राहतं. आपल्या दृष्टीनं रोज साधारण २४ मिनिटं अलीकडे. त्यामुळे काही दिवस संध्याकाळच्या फेऱ्या, मग भरदुपारच्या म्हणजे न दिसणाऱ्या, मग पहाटेच्या, मग मध्यरात्रीच्या सावलीतल्या. साधारण दोन महिन्यांत चक्र पुरं होतं. चिनी तियांगाँगचा कल ४१.५ अंश आहे, तेही आपल्या डोक्यावरून छान जातं, जरा मंद. एक मावळलं तरी दुसरं हाती लागतं.

तेजाबद्दलही सांगतो. डोक्यावर असताना ते ४२० किलोमीटरवर असतं, पण क्षितिजापासून एका मुठीवर असताना तेच अंतर १५०० किलोमीटर होतं. म्हणून यादीत वेळ बघताना कमाल उंचीचा रकाना आधी बघा. ४० अंशांच्या खालची फेरी शहरातून बघण्यात फारसा अर्थ नाही.

सिंदेवाहीकर :

लाडबोरीचं नाव वाचलं म्हणून खाते उघडून लिहितोय. मी त्या भागातला. पाडव्याची संध्याकाळ, जेवणाआधी आम्ही अंगणात बसलो होतो. वरून आगीचे गोळे ओळीनं जाऊन राहिले होते, आवाज नाही. म्हातारी माणसं हात जोडून उभी, पोरं ओरडत पळत सुटली. उल्का म्हटली तर ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत जाते. हे सावकाश चाललं होतं, घरात जाऊन सगळ्यांना बोलावून आणलं तरी दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी कडं बघायला आजूबाजूच्या गावांतून माणसं आली. कुणाला लागलं नाही हे नशीब. नंतर इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. आमच्या गावात लोकांना एकच पडली होती, की असं परत पडेल का, आणि पडणार असेल तर आधी कळेल का. त्याचं सरळ उत्तर आम्हाला कुणी दिलं नाही. इथे कुणी देईल का?

ध्रुवमत्स्य, पुणे :

सिंदेवाहीकर दादा, लिहिलंत हे फार बरं केलंत. तुम्ही जे सांगितलंत, सावकाश चाललं होतं आणि आवाज नव्हता, तीच ओळख. उल्का सेकंदा-दोन सेकंदांत संपते. कक्षेतून परतणारी वस्तू जवळजवळ आडवी येते, तिचा वेग सेकंदाला सात-आठ किलोमीटर, आणि ती अर्ध्या मिनिटापासून दीड-दोन मिनिटांपर्यंत दिसत राहते, तुकडे होत होत.

प्रश्नाचं सरळ उत्तर: परत पडू शकतं, आणि नेमकी जागा आधी सांगता येत नाही. बेवारस टप्प्याचा अंदाज अगदी शेवटच्या तासांतही बराच ढोबळ असतो, कारण वरच्या विरळ हवेची घनता सूर्याच्या लहरीवर बदलते आणि टप्पा कसा कोलांट्या खातोय त्यावर ओढ ठरते. आता बघा, ही वस्तू दीड तासात पृथ्वीला एक चक्कर मारते. वेळेत दहा मिनिटांची चूक झाली तर जागेत साडेचार हजार किलोमीटरची होते. चंद्रपूरऐवजी ते समुद्रात पडलं असतं किंवा दुसऱ्या देशात. पृथ्वीचा बहुतेक भाग पाणी आणि ओसाड जमीन आहे, म्हणून एखाद्या गावावर पडण्याची शक्यता फार कमी. पण तुमच्याकडे पडलं, तेव्हा ‘शक्यता कमी’ हे ऐकून गावाचं समाधान कसं होणार, हेही समजतं. यावरचा खरा उपाय सोडणाऱ्यांच्या हातात आहे: काम झालं की टप्पा इंजिन पेटवून ठरवून समुद्रात उतरवायचा. पुष्कळ मोहिमांत आता तसं करतात. सगळ्यांनी करावं यासाठी दबाव हवा, आणि दबावाला पुरावा लागतो. पडलेल्या वस्तूला हात मात्र कुणी लावू नये, टाक्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलिसांना कळवायचं आणि लांबून फोटो काढायचे.

जुनं_आकाश :

मी शाळेत होतो तेव्हा नासाच्या स्कायलॅब या अवकाश स्थानकानं गावोगाव झोप उडवली होती. जुलै १९७९. आता पडणार, इथे पडणार, रोज नवी आवई. ११ जुलैला पडलं ते हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. तिथल्या एस्परन्स गावानं नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड लावला होता. आपल्याकडे भीती पुष्कळ होती, माहिती काहीच नव्हती. सिंदेवाहीकरांचा प्रश्न वाचून तेच आठवलं.

नोंदींबद्दल ध्रुवमत्स्य म्हणतात ते शंभर टक्के खरं, आणि त्याला इतिहास आहे. १९५७ मध्ये स्पुटनिक उडण्याआधीच खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी अमेरिकेत हौशी निरीक्षकांची ‘मूनवॉच’ मोहीम उभी केली होती. शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार लहान दुर्बिणी घेऊन ओळीत बसायचे आणि उपग्रह मध्यरेषा ओलांडताना वेळ टिपायचे. व्यावसायिक बाजूला उपग्रह टिपणाऱ्या बेकर-नन कॅमेऱ्यांची बारा केंद्रं जगभर होती, त्यांतलं एक आपल्या नैनितालला. आणि गंमत बघा, ४ ऑक्टोबरनंतर लोकांनी नुसत्या डोळ्यांनी ‘स्पुटनिक’ म्हणून जे पाहिलं ते बहुतेक रॉकेटचा टप्पा होता. ५८ सेंटिमीटरचा तो गोळा नुसत्या डोळ्यांना दिसणं फार अवघड.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट केटरिंगची. इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनशरमधली एक साधी शाळा, केटरिंग ग्रामर स्कूल. तिथले भौतिकशास्त्राचे शिक्षक जेफ्री पेरी. डॉप्लर परिणाम, म्हणजे वस्तू जवळ येताना किंवा लांब जाताना तिच्या लहरींचा बदलणारा सूर, मुलांना प्रत्यक्ष ऐकवावा म्हणून त्यांनी रेडिओ संच लावून सोव्हिएत उपग्रहांचे संकेत ऐकायला सुरुवात केली. मुलं वह्यांत वेळा लिहायची: संकेत कधी सुरू झाला, कधी थांबला. मार्च १९६६ मध्ये कॉसमॉस ११२ उडाला आणि त्याच्या वेळा नेहमीच्या उपग्रहांशी जुळेनात. बैकोनूर या जाहीर सोव्हिएत केंद्राहून सुटणाऱ्यांपेक्षा कक्षाच वेगळी. ऑक्टोबरमध्ये कॉसमॉस १२९ आला. दोघांचे मार्ग नकाशावर मागे नेले तर ते छेदले उत्तर रशियात, जिथे कुठलंही अवकाश केंद्र असल्याचं कुणी जाहीर केलं नव्हतं. ते प्लेसेत्स्क. सोव्हिएत सरकारनं ते उघडपणे मान्य केलं १९८३ मध्ये. शाळेतल्या मुलांनी सतरा वर्षं आधी जगाला सांगितलं होतं, आणि त्यांच्याकडे होतं काय, एक रेडिओ, एक घड्याळ आणि नेमानं भरलेल्या वह्या.

तारवाला, अहिल्यानगर :

केटरिंगचा उल्लेख झाला म्हणजे रेडिओवाल्यांची पाळी!

डोळ्यांना ढग आडवे येतात, रेडिओला येत नाहीत. ऐन जुलैत, पावसाच्या झडीतसुद्धा स्थानक ‘ऐकता’ येतं. १४५.८०० मेगाहर्ट्झ लावून ठेवा. मधूनमधून तिथून चित्रं पाठवतात, एसएसटीव्ही म्हणतात त्याला. आवाज किरकिऱ्या शिट्टीसारखा, पण फोनवरच्या एका फुकट अॅपला ऐकवला की पडद्यावर ओळीओळीनं चित्र उमटत जातं. कधी अंतराळवीर शाळांशी बोलतात, तेही याच वारंवारितेवर ऐकू येतं. स्थानक जवळ येताना संकेत सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि लांब जाताना तेवढाच खाली सरकतो. पेरींनी मुलांना ऐकवला तो डॉप्लर परिणाम हाच. ऐकायला एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला जोडायचा साधा यूएसबी रेडिओ, पुरतो. स्वतः बोलायचं असेल तर मात्र हॅम म्हणजे हौशी रेडिओचा परवाना हवाच.

अँटेना घरी होतो. ॲल्युमिनियमच्या दोन काठ्या, प्रत्येकी साधारण ५३ सेंटिमीटर, मध्ये १२० अंशांचा कोन, प्लॅस्टिकच्या पाइपवर बसवायच्या आणि आडव्या धरायच्या. हे माप १३७ मेगाहर्ट्झच्या हवामान उपग्रहांसाठी. त्या बाबतीत २०२५ हे वर्ष वाईट गेलं. अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या जुन्या उपग्रहांवर आम्ही सगळे शिकलो, त्यांपैकी १८ क्रमांकाचा जूनमध्ये बंद केला आणि १९ व १५ क्रमांकाचे ऑगस्टमध्ये. १५ क्रमांकाचा तर १९९८ पासून वर होता. त्याची टिकटिक ऐकून चित्र उतरताना अरबी समुद्रावरचे ढग ओळीओळीनं दिसायचे. ती टिकटिक आता नाही याचं मनापासून वाईट वाटतं. रशियाचे मिटिओर एम २-३ आणि २-४ चालू आहेत. त्यांचा संकेत डिजिटल, चित्र कितीतरी स्वच्छ. नवीन लोकांनी तिथून सुरुवात करावी.

आणि पुणेकरांनो, तुमच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ विसरू नका. किलोभर वजनाचा उपग्रह, २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही सी-३४ रॉकेटवरून गेला, हौशी रेडिओवाल्यांसाठीच. त्याच वर्षी सप्टेंबरात आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’.

कोलंबो_पॉइंट, सोलापूर :

रेडिओ सोडून एक प्रश्न. श्रीहरिकोट्याचं रॉकेट सोलापुरातून दिसतं का? दर उड्डाणाला आमच्या ग्रुपवर कुणीतरी गच्चीवर जातं. मीही जातो.

सुळ्ळूरपेटा_फास्ट, मुंबई :

दोन तुकड्यांत सांगते.

सोलापूरहून श्रीहरिकोटा सरळ रेषेत सुमारे ६४० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलाईमुळे तिथली ३०-३२ किलोमीटर उंचीखालची प्रत्येक गोष्ट तुमच्या क्षितिजाखाली आहे. इस्रोचं सगळ्यात मोठं रॉकेट एलव्हीएम-३ पूर्वेकडे जातं, म्हणजे उंची वाढते तसं तुमच्यापासून लांबही जातं. तीनएक मिनिटांनी ते शंभर किलोमीटरच्या वर असतं, तेव्हा तुमच्या आग्नेय क्षितिजापासून तीन-चार अंशांवर यायला हवं. म्हणजे मुठीचा तिसरा हिस्सा. तिथे धूळ, दिवे, झाडं. त्यातून मोठे घन इंधनाचे बूस्टर तोवर गळून पडलेले असतात आणि मागे उरलेली ज्योत फारशी तेजस्वी नसते. रात्रीचं उड्डाण, पाऊस पडून धुतलेली हवा, उघडं माळरान असा योग आला तर दुर्बीण लावून प्रयत्न करा, गच्चीवरून नको. महाराष्ट्रात सगळ्यात जवळ पडेल ते सिरोंचा, तेही ५७० किलोमीटर. पीएसएलव्हीचं तर नावच सोडा. ते आधी आग्नेयेला जातं आणि श्रीलंका टाळून मग दक्षिणेला वळतं. त्या वळणात इंधन खर्ची पडतं, म्हणून तर तमिळनाडूत कुलसेकरपट्टिणमला दुसरं केंद्र उभं राहतंय.

तेव्हा सरळ तिकडेच जा! मी जाऊन आले आहे आणि प्रत्येकानं एकदा तरी जावं असं मला वाटतं. सतीश धवन केंद्रात लोकांसाठी गॅलरी २०१९ मध्ये सुरू झाली. उड्डाण जाहीर झालं की ऑनलाइन नोंदणी उघडते आणि झटकन भरते. ओळखपत्र लागतं. स्टेशन सुळ्ळूरपेटा. तिथून पुलिकत सरोवराच्या मधून रस्ता जातो, हिवाळ्यात दोन्ही बाजूंना रोहित पक्षी. परतीचं तिकीट घट्ट धरून जाऊ नका. चांद्रयान-२ चं उड्डाण १५ जुलै २०१९ ला ५६ मिनिटं बाकी असताना थांबवलं आणि २२ ला केलं, हे लक्षात ठेवा. नोंदणी नाही मिळाली तरी पुलिकतच्या काठावरून आणि चेन्नईच्या गच्च्यांवरूनही दिसतं.

प्रत्यक्षात काय होतं, तर आधी काहीच ऐकू येत नाही. झाडांच्या वर एक प्रकाश उभा राहतो, बघवत नाही इतका पिवळा-पांढरा, आणि अगदी निःशब्द चढायला लागतो. लोक ओरडतात, तेवढाच आवाज. मग ध्वनी पोचतो. प्रत्येक किलोमीटरला तीन सेकंद या हिशेबानं ज्योत आणि आवाज यांतलं अंतर मोजा, म्हणजे तुम्ही किती लांब आहात ते तुमचं तुम्हालाच कळेल. तो आवाज कानांपेक्षा छातीत जास्त जाणवतो, बरगड्यांत थरथर होते. एलव्हीएम-३ मध्ये आणखी एक बघण्यासारखं आहे: जमिनीवरून ते फक्त दोन एस-२०० बूस्टरवर उठतं, मधला, विकास इंजिनांचा टप्पा पावणेदोन-दोन मिनिटांनी हवेतच पेटतो, आणि मग बूस्टर सुटतात. आकाश स्वच्छ असेल तर ते सुटणं दुर्बिणीतून दिसतं.

वेळ बघून जा, हे माझं ठाम मत. चांद्रयान-३ दुपारी २:३५ ला उडालं, ते बघितलेल्यांना भाग्यवान म्हणेन, पण रॉकेटचं सगळं रूप उघडतं ते संधिप्रकाशात. २९ जानेवारी २०२५ चं जीएसएलव्ही एफ-१५, श्रीहरिकोट्याचं शंभरावं उड्डाण, सकाळी ६:२३ ला, सूर्योदयाच्या जरा आधी. २ नोव्हेंबर २०२५ चं सीएमएस-०३ उपग्रहाचं उड्डाण संध्याकाळी ५:२६ ला. अशा वेळा जाहीर झाल्या की रजा टाकायची.

ऑरलँडोकर :

सुळ्ळूरपेटा ताई, संधिप्रकाशाबद्दल अगदी बरोबर. इथे फ्लोरिडात आता इतकी उड्डाणं होतात की शेजारी मान वर करत नाहीत. पण सूर्यास्तानंतरच्या तासाभरातलं स्पेसएक्सचं फाल्कन रॉकेट असलं की रस्त्यावर गाड्या थांबतात. खाली अंधार, वर रॉकेटचा धूर उन्हात. हवा विरळ झाल्यामुळे तो धूर पंख्यासारखा पसरतो, मधोमध दुसऱ्या टप्प्याची ज्योत, आणि मागे परत फिरणाऱ्या पहिल्या टप्प्याचे छोटे फवारे. मृगशीर्ष यांनी सावलीचं जे गणित दिलं तेच इथेही लागू.

शुभांशु शुक्ला यांचं अॅक्सिअम-४ हे यान इथून २५ जून २०२५ ला रात्री २:३१ ला गेलं. तुमच्याकडे दुपारचे १२:०१. आम्ही बरीच मराठी कुटुंबं टायटसव्हिलला नदीकाठी मुलांना घेऊन गेलो होतो. रॉकेट ईशान्येला दिसेनासं झालं आणि आठेक मिनिटांनी पहिला टप्पा केपवर परत उतरला, तेव्हा आधी ज्योत दिसली आणि मग धाडधाड आवाज. वडील भारतातून आले होते. त्यांनी ‘आता स्थानकाला कधी पोचणार’ हा प्रश्न दर तासाला विचारला, दुसऱ्या दिवशी जोडणी होईपर्यंत!

काळोख_हवा, वांगणी :

उत्साह समजतो, पण कुणीतरी दुसरी बाजू मांडायला हवी. मी आकाशगंगा आणि तेजोमेघांचे फोटो काढतो. स्टारलिंकचे ८००० हून जास्त उपग्रह वर आहेत. संध्याकाळी आणि पहाटे माझ्या फ्रेममधून रेघा गेल्याशिवाय राहत नाहीत. ब्लूवॉकर-३ या उपग्रहानं २०२२ मध्ये ६४ चौरस मीटरचा पंखा उघडला, तेव्हा तो आकाशातल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसला. त्याहून मोठेही येताहेत. आपण टाळ्या वाजवत ‘माळ दिसली, माळ दिसली’ म्हणत राहिलो, तर काळोखासाठी बोलणार कोण? रेडिओचंही तेच. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला शांत रेडिओ आकाश लागतं.

ध्रुवमत्स्य, पुणे :

काळोख_हवा, तुमच्याशी मी वाद घालणार नाही, कारण तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि मलाही ते टोचतं. आंतरराष्ट्रीय खगोल संघानं २०२२ मध्ये काळ्या आणि शांत आकाशासाठी केंद्र सुरू केलं ते याच कारणानं. स्पेसएक्सनं उपग्रह काळवंडून बघितले, सूर्याआड करणारी झापडं लावून बघितली, थोडा फरक पडला. पण हे झालं का, तर खगोलशास्त्रज्ञांनी आणि हौशी लोकांनी तेजाचे आकडे समोर ठेवले म्हणून. ‘फार चमकतो’ म्हटल्यावर कंपनी हलत नाही. अमुक दिवशी, अमुक उंचीवर, अमुक ताऱ्याइतका तेजस्वी होता, अशा नोंदी वेगवेगळ्या देशांतून आल्या की हलावं लागतं.

म्हणून तुमच्या फ्रेममधल्या रेघा फेकू नका. वेळ, कॅमेऱ्याची दिशा आणि शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून तेज, एवढं इथे टाका. तुमच्याइतकं काटेकोर तेजमापन इथे दुसरं कुणी करू शकणार नाही.

काळोख_हवा, वांगणी :

ठीक. माळा बघून टाळ्या वाजवणार नाही, पण आकडे देईन. जानेवारीपासूनच्या फ्रेम आहेत, काढून बघतो.

वाईकर :

पहिली नोंद टाकतोय, बरोबर आहे का सांगा.

स्थळ: वाई, घराची गच्ची. वेळ: संध्याकाळी ७ वाजून ०४ मिनिटं २० सेकंदांना दिसायला लागला. उत्तरेकडून दक्षिणेकडे गेला, सगळ्यात उंच असताना पश्चिम क्षितिजापासून सहा मुठी. सलग प्रकाश नव्हता: उजळायचा, मंद होत दिसेनासा व्हायचा, साताठ सेकंदांनी परत उजळायचा. लाल-हिरवे दिवे नाहीत, आवाज नाही. ७ वाजून ०७ मिनिटांनी दक्षिणेला दिसेनासा झाला.

मृगशीर्ष, नाशिक :

वा! ही नोंद नमुना म्हणून धाग्यात वर लावा. विमानाचे दिवे सेकंदा-सेकंदाला लुकलुकतात. साताठ सेकंदांचा सावकाश ताल म्हणजे बहुधा कोलांट्या खाणारा रॉकेटचा टप्पा. त्याची लांब बाजू आपल्याकडे आली की उजळतो, टोक आलं की मंद. उत्तर-दक्षिण गेला म्हणजे ध्रुवीय कक्षा, तिथे असे टप्पे पुष्कळ. हेव्हन्स-अबव्ह या संकेतस्थळावर तुमचं गाव घालून त्या संध्याकाळची यादी काढा, वेळ आणि उंची जुळणारा एखाद-दुसराच निघेल. नुसती वेळ लिहिली असती तर पाच-सहा उमेदवार उरले असते. पुढच्या वेळी दहा उजळण्यांना लागणारा एकूण वेळ मोजा, म्हणजे ताल नेमका मिळेल. हा ताल महिन्यांनी बदलतो, आणि तो बदल नोंदणारे लोक जगात मोजकेच आहेत.

जुनं_आकाश :

मोजकेच, पण काय काय शोधतात! जानेवारी २०१८ मध्ये कॅनडाचे हौशी निरीक्षक स्कॉट टिली झूमा नावाच्या गुप्त उपग्रहाचे संकेत शोधत होते. त्यांना सापडला नासाचा ‘इमेज’ उपग्रह, जो डिसेंबर २००५ मध्ये गप्प झाला होता आणि सगळ्यांनी सोडून दिला होता. तो परत बोलत होता. नासाला हे घरात अँटेना लावून बसलेल्या माणसाकडून कळलं.

ध्रुवमत्स्य, पुणे :

आता एक काम सगळ्यांनी मिळून करू. पुणे आणि नाशिक जवळजवळ दक्षिणोत्तर, सरळ अंतर सुमारे १६४ किलोमीटर. पुण्यात कमाल उंची ८५ अंशांच्या वर असलेली फेरी निवडायची. पुण्यात ते डोक्यावर असेल त्याच सेकंदाला नाशिककरांनी दक्षिणेकडची उंची मोजायची. ४२० किलोमीटरवर असेल तर नाशिकला सुमारे ६७ अंश यायला हवेत, म्हणजे डोक्यापासून दोन मुठी आणि वर दोन बोटं खाली. नाशिकहून आलेल्या कोनाचं टॅन गुणिले १६४ केलं की स्थानकाची उंची. पृथ्वी सपाट धरल्यामुळे उत्तर थोडं कमी येईल, ३९० च्या आसपास. गोलाईची दुरुस्ती नंतर मुलांकडून करून घेऊ. केटरिंगच्या मुलांनी केलं ते आपल्या शाळांना का जमू नये?

मृगशीर्ष, नाशिक :

नाशिकची बाजू माझी. आमच्या शाळेची नववीची मुलं आहेत, गच्चीवर घेतो. मुठीबरोबर कोनमापक आणि ओळंबाही लावू. फोटो हवाच: फोन ट्रायपॉडवर, प्रो मोड, दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम, मागचे तारे आले की कोन पक्का निघतो.

तारवाला, अहिल्यानगर :

वेळ जुळवायची जबाबदारी माझ्याकडे द्या. दोन्हीकडे फोन लावून ‘आता’ म्हणू नका, त्यात विलंब असतो. दोघांनी आपापल्या फोनची घड्याळं आधी एनटीपीशी, म्हणजे इंटरनेटवरच्या प्रमाण वेळेशी, ताडून फरक लिहून ठेवा. आणि आमचं अहिल्यानगर तुमच्या रेषेच्या पूर्वेला पडतं, तिसरा कोन इथून देतो.

सिंदेवाहीकर :

आमच्याकडूनही मोजलं तर चालेल का? आम्ही फार लांब पडतो, पण आकाश काळं आहे.

ध्रुवमत्स्य, पुणे :

चालेल काय, हवंच आहे दादा. पुण्यात डोक्यावर असताना तुम्हाला ते पश्चिमेला सुमारे तीन मुठींवर, बरंच खाली दिसेल. एवढ्या अंतरावरून कोन घेतला तर पृथ्वीची गोलाई उत्तरात सरळ उतरते. पुढच्या संध्याकाळच्या फेऱ्यांची यादी काढतो आणि तारीख इथेच टाकतो. तोवर शाळेत कुणी गणिताचे शिक्षक तयार होतात का बघा.